हाडं ठणकतात तेव्हा...

रात्रीचे अडीच वाजले होते. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात सगळे झोपले होते. धाकटी मात्र भिंतीला उशी लावून बसून होती. कंबर, माकडहाड, छातीच्या मधोमध असलेलं हाड, जिथं जिथं जाड हाड म्हणून आहे तिथं तिथं ठणका लागला होता. तापात अंग मोडून येतं तसा हा प्रकार नव्हता. हाडाच्या आत बसून कुणीतरी उखळात कांडतंय, असं वाटत होतं.

उशाशी पॅरासिटामॉलच्या गोळ्यांची पट्टी होती. 'दुखेल, दुखलं की घ्या,' असं सांगून डॉक्टरांनीच ती लिहून दिली होती. पट्टीतली एकही गोळी कमी झाली नव्हती.

'हाडं ठणकतायत का गं?' अंधारातून आईचा आवाज आला.

'हं.'

'मग गोळी घे की.'

'नको. दुखतंय म्हणजे आत काम चाललंय, आई. गोळी घेतली आणि कामच थांबलं तर? दादाला पेशी कमी पडल्या तर?'

यावर आईला काही बोलता आलं नाही. ती उठली, लेकीच्या शेजारी येऊन बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. २०२३ च्या जुलैमधली ती रात्र दोघींनी तशीच काढली.

तीन भावंडांत एक

कुटुंब मूळचं इंदूरचं. तीन पिढ्या तिथंच गेल्या, तरी घरात मराठीच. दादा एकेचाळीस वर्षांचा, बँकेत नोकरीला. मधली बहीण लग्न होऊन वडोदऱ्याला. धाकटी चौतिशीची, इंदुरातच एका शाळेत गणित शिकवणारी. 'हाडाची शिक्षिका' असं तिच्याबद्दल सगळे म्हणायचे. त्या शब्दांचा असा अर्थ कधी काळी समोर येईल, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आदल्या वर्षीच्या दिवाळीनंतर दादाला सारखा ताप येऊ लागला, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. तपासण्या झाल्या आणि रक्ताचा कर्करोग निघाला. केमोथेरपीनं रोग मागे हटला. पण तो पुन्हा उलटू नये म्हणून मूळपेशींचं प्रत्यारोपण करावं लागेल, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यासाठी दाता हवा, आणि त्याच्या पेशींचा गट रुग्णाच्या गटाशी जुळायला हवा. सख्ख्या भावंडांत तो पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. मधलीचा अर्धाच जुळला. धाकटीचा तंतोतंत.

वहिनीनं फोनवर बातमी सांगितली तेव्हा धाकटी वर्गात होती. मुलांना गणित घालून ती बाहेर आली, फोन ऐकला आणि परत आत जाऊन फळ्यावरचं उदाहरण पुरं केलं. मग सुट्टीचा अर्ज लिहिला. मुंबईला आली, ती डोंबिवलीला आत्याकडे उतरली. आई बरोबर होतीच.

आपल्या रक्तातल्या सगळ्या पेशी, म्हणजे प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या आणि रक्त गोठवणाऱ्या चकत्या, जन्माला येतात त्या हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत. मोठ्या माणसात हा कारखाना मुख्यतः कमरेचं हाड, मणके, बरगड्या आणि छातीचं हाड इथं चालतो. नुसत्या तांबड्या पेशीच रोज सुमारे २०,००० कोटी तयार होतात. या सगळ्या प्रपंचाच्या मुळाशी असतात मोजक्या मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल. दह्याच्या विरजणासारख्या. थोडंसं विरजण नव्या भांड्यात घातलं की सगळं दूध लागतं, तसंच.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये भारतातलं पहिलं मज्जा प्रत्यारोपण केलं. त्या काळी दात्याला भूल देऊन, कमरेच्या हाडात सुया खुपसून मज्जा काढावी लागे. आता बहुतेक वेळा तशी गरज पडत नाही. दात्याला चार-पाच दिवस 'जी-सी-एस-एफ' नावाचं इंजेक्शन कातडीखाली देतात. त्यामुळे मूळपेशी मज्जेतलं आपलं घर सोडून रक्तात उतरतात. मग रक्तदानासारखं रक्त घ्यायचं, यंत्रानं त्यातल्या तेवढ्या पेशी वेगळ्या करायच्या आणि उरलेलं रक्त दात्याला परत द्यायचं.

या इंजेक्शनचा सगळ्यांत जास्त आढळणारा त्रास एकच, हाडं दुखणं. आणि हाडं मुळात दुखतात कशी, या साध्या प्रश्नाच्या उत्तरात या गोष्टीचं मर्म आहे.

ओरखड्याभोवतीची लाली

हाड म्हणजे निर्जीव दगड, अशी आपली समजूत असते. पण हाडावरच्या पातळ आवरणात नसांचं दाट जाळं असतं, आणि रक्तवाहिन्यांचा हात धरून नसा थेट आत मज्जेपर्यंतही शिरतात. मराठीत नसेला 'मज्जातंतू' म्हणतात, ते मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यावरून. पण खऱ्याखुऱ्या मज्जेतही तंतू आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे वेदनेचे आहेत.

आता वेदनेच्या नसेचं काम काय? शाळेत शिकवतात ते असं, की टेलिफोनच्या तारेप्रमाणे टोकाकडची बातमी मेंदूला कळवायची. हे खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं काम बघायला प्रयोगशाळा लागत नाही. मनगटावर नखानं जरा जोरात ओरखडा काढावा. आधी लाल रेघ उठते. काही क्षणांत रेघेच्या बाजूची, नख न लागलेली कातडीही लालसर होते. ती का? तर ओरखडा जाणवलेल्या नसेनं मेंदूला बातमी पाठवता पाठवता आपल्या दुसऱ्या फांद्यांच्या टोकांतून तिथल्या तिथं काही रसायनं सोडलेली असतात. त्यांनी रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि आसपासच्या रोगप्रतिकारक पेशी जाग्या होतात. म्हणजे ही नस घरात चोर शिरल्यावर पोलिसांना फोन करते आणि त्याच वेळी खिडकीतून शेजाऱ्यांनाही हाक मारते.

नसेनं सोडलेली ही रसायनं म्हणजे प्रथिनांचे लहानसे तुकडे. शास्त्रज्ञ त्यांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात. त्यांतलं पहिलं सापडलं १९३१ मध्ये लंडनला. उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम हे दोघे घोड्याच्या आतड्याचा आणि मेंदूचा अर्क तपासत होते. त्यात रक्तदाब उतरवणारं काहीतरी अनोळखी सापडलं. त्याचं नाव पडलं 'सबस्टन्स पी'. ते नेमकं कशाचं बनलंय हे कळायला पुढं चाळीस वर्षं लागली. १९७१ मध्ये सुझन लीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या अकरा अमिनो आम्लांची ओळ वाचली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं एक भावंड सापडलं. सदतीस अमिनो आम्लांच्या त्या पेप्टाइडचं लांबलचक नाव आखडून 'सी-जी-आर-पी' झालं. वेदनेच्या नसांच्या टोकांशी ही दोन्ही साठवलेली असतात.

ही नस दरवेळी 'धावा, धावा' असंच ओरडते असं नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. त्वचेच्या संसर्गात जंतू थेट वेदनेच्या नसांना डिवचतात, आणि त्या नसांनी सोडलेली पेप्टाइड्स तिथल्या प्रतिकारक पेशींना आवर घालतात, असं त्यांना दिसलं. प्रतिकारशक्ती बेफाम सुटली तर घराचंच नुकसान होतं. म्हणून कधी हाक मारायची आणि कधी हात धरायचा, हे दोन्ही या नसा करतात.

मज्जेतही हेच. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या प्रणेला रामेश्वर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जेतल्या पेशी काचपात्रात वाढवून त्यांत सबस्टन्स पी घातलं. रक्तपेशींच्या पूर्वज पेशींची वाढ जोमानं होऊ लागली. पुढच्या कामात असंही दिसलं, की याच पेप्टाइडचा एक सख्खा भाऊ, न्यूरोकायनिन ए, काही पेशींच्या वाढीला लगाम घालतो. एकाच जनुकातून निघालेले दोघे. एक पुढं रेटणारा, दुसरा मागं ओढणारा.

दारावरची थाप

धाकटीच्या प्रश्नाशी थेट भिडणारं संशोधन मात्र अगदी अलीकडचं. ते झालं न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये, पॉल फ्रेनेट यांच्या प्रयोगशाळेत. फ्रेनेट रक्तविकारतज्ज्ञ. मज्जेतल्या मूळपेशींना घराबाहेर काढायला नसांचा हात असतो, हे त्यांनी २००६ मध्येच दाखवलं होतं. मात्र त्या नसा निराळ्या होत्या. भीती वाटली की हृदय धडधडवणाऱ्या, ज्यांना अनुकंपी म्हणतात त्या. वेदनेच्या नसांकडे तोवर फारसं कुणी बघितलं नव्हतं.

२०२० च्या डिसेंबरमध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात त्यांच्या गटाचा निबंध प्रसिद्ध झाला. उंदरांतल्या वेदनेच्या नसा निकामी केल्या, आणि मग त्यांना तेच जी-सी-एस-एफ दिलं. मूळपेशी फारच कमी बाहेर आल्या. म्हणजे इंजेक्शन एकटं काम करत नव्हतं. त्याच्यामुळे वेदनेच्या नसा जाग्या होत होत्या, त्या सी-जी-आर-पी सोडत होत्या आणि त्या निरोपावर मूळपेशी घर सोडत होत्या.

निरोप देण्याची रीतही दोन्ही नसांची वेगळी. मज्जेला जुना वाडा समजलं, तर मूळपेशी हे त्यातले भाडेकरू. अनुकंपी नसा वाड्याच्या मालकाशी बोलतात आणि मालक भाडेकरूंना हलवतो. वेदनेची नस मात्र थेट भाडेकरूच्या दारावर थाप मारते. सी-जी-आर-पी ओळखणारा ग्राहक खुद्द मूळपेशीच्या अंगावरच असतो.

आणि मग तो प्रयोग, ज्याची बातमी आपल्याकडे झाली असती तर घरोघरी चवीनं वाचली गेली असती. उंदरांच्या खाण्यात कॅप्सेसिन मिसळलं गेलं. कॅप्सेसिन म्हणजे मिरचीचा तिखटपणा. मिरची खाल्ल्यावर 'तोंड भाजलं' असं आपण म्हणतो, ते अक्षरशः बरोबर आहे. तिखट आणि चटका या दोन्हींसाठी वेदनेच्या नसेवर एकच दार असतं. डेव्हिड ज्युलियस यांनी ते १९९७ मध्ये शोधलं आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. तर ते तिखट खाणं खाल्लेल्या उंदरांत जी-सी-एस-एफनंतर मूळपेशी लक्षणीयरीत्या जास्त बाहेर पडल्या.

या कामाचा पुढचा पल्ला बघायला फ्रेनेट राहिले नाहीत. २०२१ च्या जुलैमध्ये त्यांचं निधन झालं.

'मग द्या तिला ठेचा!'

त्या जागत्या रात्रीनंतर सकाळी चौथ्या इंजेक्शनसाठी मायलेकी रुग्णालयात गेल्या. बरोबर आत्याही होती. डॉक्टरीणबाईंनी धाकटीचा चेहरा पाहूनच ओळखलं.

'झोप नाही ना झाली? गोळी घेतली होती?'

धाकटीनं मान हलवली. आपली शंका सांगितली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि वर आलेलं सगळं, नसा, पेप्टाइड आणि उंदीर, तिला समजावून सांगितलं. गणिताची शिक्षिका, त्यामुळे तिचे प्रश्नही नेमके होते.

'म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. वेदनेच्या नसा काम करतायत.'

'अर्धा बरोबर,' बाई म्हणाल्या. 'नसेचं टोक हाडाच्या आत जे करतं ते एक काम. तुम्हाला किती दुखतंय, हे ठरतं मेंदूत आणि मज्जारज्जूत. ते दुसरं काम. पॅरासिटामॉलचा असर मुख्यतः त्या दुसऱ्या ठिकाणी होतो. जगभर दात्यांना हीच गोळी देतात, आणि त्यांच्या पेशी निघतात. तुम्ही जास्त सोसलंत म्हणून पेशी जास्त येणार नाहीत. नस शाबूत असली, की झालं.'

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी दुसऱ्या प्रकारच्या एका वेदनाशामक औषधाचा अभ्यास केला. त्या औषधानं मूळपेशींचं बाहेर पडणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. 'पण म्हणून ती गोळी मनानं घ्यायची नाही हं,' त्यांनी लगेच बजावलं. 'काही वेदनाशामकांनी रक्त गोठायला उशीर होतो, पोटाला त्रास होतो. आम्ही लिहून दिलीय तेवढीच.'

इतका वेळ गप्प बसलेल्या आत्याला मिरचीचा भाग फार आवडला होता. 'अहो मॅडम, मग द्या की हिला रोज ठेचा! आणि आमच्या पोरालाही द्या. इंदूरची माणसं, तिखटाला काय भ्यायची आहेत?'

आता मात्र बाई हसल्या. 'आत्या, तो प्रयोग उंदरांवरचा. माणसाला किती तिखट, किती दिवस, याचा हिशेब त्यात नाही. हिला सोसत असेल तर जेवणात मिरची खाऊ दे. पण औषध म्हणून नाही. आणि दादांना तर बिलकूल नाही. त्यांच्या तोंडाची आणि आतड्याची साल केमोनं सोलली गेलीय. त्यांना मऊ, ताजं, नीट शिजवलेलंच द्यायचं.'

बाहेर पडण्याआधी धाकटीनं तिथल्याच पेल्यातल्या पाण्याबरोबर गोळी घेतली. रात्रभर तिनं भावासाठी म्हणून जे सोसलं होतं, त्याचा भावाला काहीच उपयोग नव्हता, हे ऐकून तिला रडू यायचं तेवढं बाकी होतं. मग तिनंच स्वतःला समजावलं, की उपयोग नव्हता पण अपायही नव्हता.

न दुखणारा पाय

सगळे उठले तेव्हा डॉक्टरीणबाईंची नजर आईच्या पावलाकडे गेली. अंगठ्याखाली कापडाची पट्टी गुंडाळली होती आणि पट्टीला ओल होती.

'हे काय झालं?'

'काही नाही हो. पावसात नवी चप्पल घेतली, ती चावली. पंधरा दिवस झाले. दुखत नाही अजिबात, म्हणून लक्षच गेलं नाही.'

'मधुमेह किती वर्षं आहे?'

'अठरा.'

'आई, दुखत नाही हीच तर तक्रार आहे,' बाई म्हणाल्या.

त्यांनी आईला त्याच इमारतीतल्या मधुमेहाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक जाडसर धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. 'लागलं की सांगा.' आई वाट बघत राहिली. धागा दहा ठिकाणी टेकवून झाला. आईला तीनच ठिकाणी कळलं. बाजूला उभ्या असलेल्या धाकटीला वाटलं, आई चेष्टा करतेय.

बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की नसा झिजतात, आणि झीज सुरू होते पायांच्या टोकांपासून. खडा टोचला, चटका बसला, तरी कळत नाही. एवढंच असतं तरी सांभाळता आलं असतं. पण ज्या नसेला टोचणं कळत नाही, ती शेजाऱ्यांना हाकही मारत नाही. तिच्या टोकातून सबस्टन्स पी आणि सी-जी-आर-पी पाझरत नाही, रक्तवाहिन्या पुरेशा रुंदावत नाहीत, दुरुस्तीला येणाऱ्या पेशींना हवा तेवढा निरोप मिळत नाही. मधुमेहात जखमा चिघळायची कारणं अनेक आहेत, त्यांतलं हेही एक आहे.

आणि हे पायापुरतंच राहत नाही. मधुमेह असलेल्यांना जी-सी-एस-एफ दिलं तर मूळपेशी कमी बाहेर येतात, असं २०११ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी दाखवलं. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या गटानं त्यात वेदनेच्या नसांचा धागा जोडला. मधुमेहानं संवेदनेच्या नसा झिजल्या की मज्जेतून मूळपेशी सुटण्याचं कामही मंदावतं, हे त्यांना उंदरांत आणि रुग्णांतही आढळलं. पायातली बधिरता हाडाच्या आतपर्यंत पोचते, असाच याचा अर्थ.

डोंबिवलीला परत येताना लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली. मुलगी गोळी घेऊन पेंगत होती. आईनं तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. आदल्या रात्री, 'देवा, हिचं दुखणं मला दे,' असं ती मनात म्हणाली होती. ते देवानं ऐकलं असतं तरी तिच्या पायांना ते कळलं नसतं, हे आज तिला समजलं होतं.

टोमॅटोच्या साराच्या रंगाची पिशवी

पाचव्या दिवशी सकाळी धाकटीला यंत्राशेजारच्या पलंगावर निजवलं. एका हातातून रक्त बाहेर, दुसऱ्या हातातून परत आत. मधे घरघरत फिरणारं यंत्र. जरा वेळानं ओठांना मुंग्या आल्या. रक्त नळीत गोठू नये म्हणून जे औषध मिसळतात, त्यानं रक्तातलं कॅल्शियम तात्पुरतं कमी होतं, म्हणून. परिचारिकेनं कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आणि मुंग्या गेल्या. साडेचार तासांनी वरच्या आकड्याला अडकवलेल्या पिशवीत टोमॅटोच्या सारासारखं काहीतरी जमलं होतं. दोन पेले भरतील एवढंच.

संध्याकाळी मोजणी आली. हव्या होत्या त्याहून थोड्या जास्तच पेशी होत्या. दुसऱ्या दिवशी हात रिकामा ठेवायला हरकत नव्हती.

त्याच रात्री ती पिशवी दादाच्या खोलीत गेली. गाळलेल्या हवेच्या त्या खोलीत वहिनीला काचेपलीकडूनच बघायची मुभा होती. ना शस्त्रक्रिया, ना भूल. सलाइनसारखी पिशवी लावली आणि पेशी शिरेतून आत गेल्या. हाडापर्यंतची वाट त्या आपल्या आपण शोधतात. ज्या वाड्यातून त्यांना थाप मारून बाहेर काढलं होतं, तसल्याच दुसऱ्या वाड्यात जाऊन राहायचं. तो मात्र आता रिकामा होता. दादाची स्वतःची मज्जा औषधांनी पुसून टाकलेली होती.

मग सुरू झालं वाट बघणं. रोज सकाळी रक्त तपासायचं आणि पांढऱ्या पेशींचा आकडा बघायचा. पहिले दहा दिवस तो जवळजवळ शून्यच होता. दादाला ताप चढे, तोंडातल्या फोडांमुळे पाणीही गिळवत नसे. धाकटीचा ठणका दोन दिवसांत थांबला होता. ती रोज रुग्णालयात यायची, काचेशी उभी राहायची, परत जायची.

इकडे आत्याच्या घरात नवा नेम सुरू झाला होता. रोज रात्री आई जमिनीवर हातआरसा ठेवून त्यावर एकेक पाऊल धरायची आणि तळवा नीट बघायची. कुठं लाल नाही ना, फोड नाही ना, चीर नाही ना. चप्पल घालण्याआधी आत हात घालून खडा नाही ना, हे चाचपायची. घरातही अनवाणी फिरणं बंद. पायांना जे कळेनासं झालं होतं, ते आता डोळ्यांनी आणि हातांनी कळून घ्यायचं होतं. जखमेला रोज मलमपट्टी होत होती. कडा हळूहळू आत येत होत्या.

प्रत्यारोपणाला सतरा दिवस झाले, त्या दिवशी वहिनीचा फोन आला. नेमक्या ज्या पांढऱ्या पेशी जंतूंशी पहिल्यांदा भिडतात, त्यांची संख्या सलग तिसऱ्या दिवशी पाचशेच्या वर होती. डॉक्टर म्हणाले होते, पेशींनी मूळ धरलं. अजून वर्षभर तपासण्या, औषधं, पथ्य होतंच. धोका टळला असं कुणीच म्हणत नव्हतं. पण मूळ धरलं होतं.

वहिनीनं फोन काचेपलीकडच्या इंटरकॉमला लावला. दादाचा आवाज खोल गेलेला, खरखरीत.

'बरं वाटतंय का रे?' धाकटीनं विचारलं.

'ताप नाहीये. पण कालपासून कंबर ठणकतेय गं. हाडाच्या आतून. डॉक्टर म्हणतात, मज्जा वाढायला लागली की असं होतं.'

धाकटीला पटकन बोलता येईना. शेजारी आई आरशावर पाऊल धरून बसली होती, तिनं मान वर केली.

'मग गोळी दिलीय ना त्यांनी?' धाकटी म्हणाली. 'घे. सोसत बसू नकोस. मीसुद्धा घेतली होती.'